आठ बाजारांची पिल्लं

घरात कुत्री असली की दोन गोष्टी साचत जातात. एक केस, दुसरे किस्से. केस निदान रोज झाडूने निघतात. किस्से मात्र सोफ्याखाली, कपाटामागे, कुठे कुठे जाऊन बसतात आणि कोणी चहाला आलं की आपोआप बाहेर येतात! आमच्या घरात वीस-बावीस वर्षं लॅब्रॅडॉर आहेत. म्हणजे ढीग केवढा असेल बघा.

आता आम्ही भोपाळमध्येच सोनागिरीत राहतो. त्याआधी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये क्वार्टर होतं. आमचे हे कारखान्यात क्रेन चालवायचे. मी नागपूरकडची, लग्न करून भोपाळला आले. शाळेचं तोंड पाहिलं नाही. हे सगळं मी सांगते आणि नात लिहून घेते. ती मधूनच थांबते, "आजी, हे पण लिहू?" मी म्हणते, "अगं, तेच तर लिही!"

आमची पहिली कुत्री बिजली. एका इंजिनिअर साहेबांची बदली झाली, जाताना म्हणाले, "दोन दिवस ठेवून घ्या, नेतो मी." ते दोन दिवस अजून चालूच आहेत! बिजलीची मुलगी राणी, राणीची मुलगी गौरी. पिल्लं मी विकायचे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. फुकट दिलेल्या पिल्लाला लोक फुकटातच वागवतात.

तेव्हा कुत्र्यांच्या धंद्याला कायदा आहे हे कोणाला माहीत होतं? आता आहे. नोंदणी करावी लागते, सरकारी कागद मिळतो, तो भिंतीवर लावावा लागतो. त्या कागदावर माझं नाव लागणार की सुनेचं, यावरून घरात जे झालं तेही यातच येईल. पण आधी जुनं सांगते, नाहीतर नवं कळायचं नाही.

* * *

बिजलीचं पहिलं वेत झालं तेव्हा पिल्लं आईपासून कधी तोडायची, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पण दोन मुलं वाढवलेली बाई मी, एवढं कळत होतं. टाउनशिपमध्ये दर मंगळवारी बाजार भरायचा. मी ठरवून टाकलं, आठ बाजार झाल्याशिवाय पिल्लू घराबाहेर जाणार नाही. आणि जन्मानंतरचा पहिला बाजार मोजायचा नाही. तो बाळंतिणीचा!

जेमतेम महिना झाला होता आणि एक दिवस दारात जीप थांबली. यांच्या साहेबांचे साहेब! यांनी बनियनवर शर्ट चढवला तो उलटा.

साहेब म्हणाले, "कल बेटे का जन्मदिन है. वो गोल-मटोल वाला दे दीजिए."

मी म्हटलं, "अभी नहीं साहब. चार बाजार बाकी हैं."

साहेबांना वाटलं, मला बाजारातून काही आणायचंय. म्हणाले, "ड्रायवर ला देगा, क्या चाहिए?"

मी बाजारांचा नियम समजावून सांगितला. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "आपको मालूम है, मैं कौन हूँ?"

मी म्हटलं, "आप साहब हैं. और ये अपनी माँ का बच्चा है. आपके बेटे को एक महीने का कोई माँगने आता तो मेमसाब दे देतीं क्या?"

मागे वळून बघते तर आमचे हे नाहीत! बाथरूमची कडी लागल्याचा आवाज आला. जीप गेल्यावरही पाऊण तास ते बाहेर आले नाहीत. आतूनच विचारलं, "बदली कुठे करतील गं? थंडीच्या गावी नको."

आठव्या बाजाराच्या मंगळवारी सकाळी जीप पुन्हा आली. साहेब उतरले, मागून त्यांचा मुलगा उतरला. हातात भाजीची पिशवी, पिशवीत मेथी. साहेब म्हणाले, "आठवाँ बाज़ार करके आया हूँ. सबूत है!"

या नियमाचा माझ्या हातून एकदाच भंग झाला. ते शेवटी सांगते.

* * *

बिजली आठ वर्षांची झाली. चार वेतं झाली होती, तोंडावर पांढरे केस आले होते. कोणी म्हणे, "एक बार और हो जाए, आंटीजी." आमचे हे एरवी कशात बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र म्हणाले, "कारखान्यात वय झालं की एक दिवस जास्त ठेवत नाहीत. हिला का ठेवायचं? हिचं रिटायरमेंट करा."

मला वाटलं, गंमत करतायत. पण रविवारी अंगणात खुर्च्या मांडल्या! यांच्या खात्यातली माणसं आली. हार आणला, शाल आणली, नारळ आणला, समोसे आणले. बिजलीला स्टुलावर बसवलं. यांनी खिशातून कागद काढून भाषण वाचलं, "बिजलीबाईंनी आपल्या संपूर्ण सेवाकाळात एकदाही संप केला नाही. एकही तक्रार युनियनकडे नेली नाही. त्यांची जागा भरून निघणं कठीण आहे."

यांच्याबरोबर क्रेनवर काम करणारे खानभाई उभे राहिले. "सब ठीक है मियाँ, लेकिन क़ायदा तो क़ायदा है. रिटायर हुईं तो अब इनको क्वार्टर ख़ाली करना पड़ेगा!"

अख्खं अंगण हसलं. बिजलीने तेवढ्यात खानभाईंच्या बशीतला समोसा उचलला आणि शाल पाठीवर तशीच घेऊन घरात जाऊन झोपली.

पुढे हे रिटायर झाले तेव्हा क्वार्टर आम्हाला खाली करावं लागलं. बिजलीने नाही केलं. ती अजून तिथेच आहे, मागच्या पेरूखाली.

* * *

गौरी वयात आल्यावर एक साहेब शहरातून मोटार घेऊन आले. बरोबर त्यांचा कुत्रा, टायगर. काय रुबाब! छाती अशी की दारात मावेना. साहेब म्हणाले, "आंटीजी, इससे अच्छा रिश्ता भोपाल में नहीं मिलेगा."

मी चहा दिला आणि मुलीकडचे विचारतात तसं सगळं विचारलं. वय काय, दुखणं काय, कमरेचा एक्स-रे काढलाय का. सगळं उत्तम. मग विचारलं, "इसकी माँ कहाँ की?"

"यहीं टाउनशिप की. कोई क्रेन ऑपरेटर थे, उनके यहाँ की लाइन है. नाम है उस लाइन का!"

मी कप खाली ठेवला. "किस रंग का धागा बँधा था उसे?"

साहेबांना आठवत नव्हतं, पण मोटारीत बसलेल्या त्यांच्या बायकोला आठवत होतं. "जामुनी ऊन था जी, आज तक रखा है मैंने."

जांभळी लोकर! म्हणजे राणीची सख्खी बहीण. टायगर म्हणजे गौरीचा मावसभाऊ! मी हात जोडले. "नहीं जमेगा साहब. सगोत्र है."

"आंटीजी, कुत्तों में कौन-सा गोत्र?"

"होता है. डॉक्टर साहब ने बताया है, घर के घर में किया तो पिल्लों की कमर कमज़ोर निकलती है. साहब, हम लोगों में तो मामा की लड़की भी चलती है. पर कुत्तों में मैं मौसी का भी नहीं चलने देती!"

त्यांच्या बायकोने मोटारीची काच खाली केली. "मामा की लड़की चलती है? हाय राम!"

टायगरचं राहिलंच बाजूला. पुढचा अर्धा तास त्या बाईला मी आमच्याकडची लग्नं समजावत होते.

* * *

लोकरीच्या धाग्याचंही सांगायला हवं. टाउनशिपमध्ये हिवाळा आला की सगळ्या बाया उन्हात बसून स्वेटर विणायच्या. उरलेल्या लोकरीचे गुंडे माझ्याकडे यायचे. पिल्लं जन्मली की प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा धागा, सैल बांधायचा. पिवळा दूध कमी पितो, हिरवीला जंतांचं औषध दिलं, असं ओळखता यायचं. पिल्लू सासरी जाताना धागा नेणाऱ्याला द्यायचा आणि त्याच लोकरीचा दुसरा तुकडा माझ्या वहीत चिकटवायचा. वही म्हणजे यांनी कारखान्याच्या भंगारातून रीतसर सही करून आणलेलं जाड कोरं रजिस्टर.

मला अक्षर येत नाही, पण गाठ येते. जितके बाजार पिल्लू आईजवळ राहिलं तितक्या गाठी. लसीला मणी, दर सुईला एक. नर असेल तर धागा उभा, मादी असेल तर आडवा. कुठलं पिल्लू देवाघरी गेल्याचं कळलं की त्याच्या धाग्याला पांढरा दोरा. पानाच्या कोपऱ्यात आईचा केस, टेपने चिकटवलेला.

एकदा यांनी कानावर घातलं की मंडीदीपला रस्त्याच्या कडेला एक माणूस खोक्यात पिल्लं घेऊन बसतो आणि सांगतो, "टाउनशिपवाली आंटी के घर के बच्चे हैं." माझ्या नावाने! मी त्याच दुपारी मिनीबस पकडली.

बघते तर खोक्यात पाच जीव, डोळ्यांत चिपडं, पोटं फुगलेली. महिन्याचीसुद्धा नव्हती. मी गिऱ्हाईक बनून विचारलं, "आंटी के यहाँ के? पक्का?"

"एकदम पक्का माताजी. आंटी हमारी मौसी लगती हैं."

"फिर गले में धागा होगा. उनके यहाँ हर बच्चे को धागा बाँधते हैं."

त्याने खोक्यातल्या पिल्लांच्या मानांकडे बघितलं. मग म्हणाला, "था ना. काला धागा. सबको काला बाँधती हैं मौसी."

मी म्हटलं, "बेटा, काळा धागा मी फक्त नजर लागू नये म्हणून बांधते. आणि आज तुला बांधणार आहे, कारण तुझी मौसी समोर उभी आहे!"

पळालाच तो. खोकं तिथेच टाकून! पाची पिल्लं मी पदरात घालून सरकारी पशुचिकित्सालयात नेली. डॉक्टरांनी तीन वाचवली. त्या तिघांचेही धागे माझ्या रजिस्टरात आहेत. माझ्या घरची नव्हती, पण माझ्या नावाने आली होती ना!

* * *

संक्रांतीला बाया हळदीकुंकू करतात. मी तीळगूळ घेऊन फिरायचे, जिथे जिथे पिल्लं दिली त्या प्रत्येक घरी. लोकांना वाटायचं, काय प्रेमळ बाई आहे! प्रेम होतंच. पण मुख्य म्हणजे मला पिल्लू बघायचं असायचं. लग्न लावून दिलेल्या मुलीच्या घरी आई वर्षातून एकदा तरी डोकावतेच की.

नेहरू नगरला एका घरी गेले. मोठं घर, नवा सोफा, काजू-बदामाची बशी पुढे आली. मी म्हटलं, "आमची शेवंता कुठे?"

"ऊपर है, आंटीजी. छत पर."

गच्चीवर गेले. शेवंता हातभर साखळीला बांधलेली. पाण्याचं भांडं साखळी पोचणार नाही एवढ्यावर. मला बघून उठली, पण साखळीने मागे ओढली.

मी खाली आले. घरच्या बाईच्या हातावर तीळगूळ ठेवला आणि म्हटलं, "तीळगूळ घ्या, गोड बोला. आणि साखळीची किल्ली द्या."

"जी?"

"माहेरी घेऊन चाललेय."

 शेवंतासाठी मी घेतलेली सगळी रक्कम रुमालात बांधून आणलीच होती. दर संक्रांतीला अशी पुरचुंडी बरोबर असायचीच, पिल्लू परत आणायची पाळी आली तर असावी म्हणून. ती तीळगुळाच्या डब्याशेजारी ठेवली आणि शेवंताला घेऊन ऑटोत बसले. ऑटोवाला म्हणाला, "अम्मा, कुत्ते का अलग लगेगा."

मी म्हटलं, "लाव बाबा. मुलगी आणायला जाताना कोणी घासाघीस करतं का?"

* * *

मग कायदा आला. सून माधुरी एक दिवस फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात आली. "आई, कुत्रे पाळून पिल्लं विकणाऱ्यांना आता नोंदणी करावी लागते. नियम आहेत. ऐका."

मी कणीक मळत होते. म्हटलं, "वाच."

"आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही."

माझा हात थांबला. "म्हणजे किती बाजार?"

माधुरीने बोटांवर मोजलं आणि हसायलाच लागली. "आठ! आई, आठच!"

"पुढे वाच."

"दर खेपेला गाभण ठेवायची नाही, मधे विश्रांती द्यायची. आठ वर्षांच्या वर तर नाहीच."

बाहेरच्या खोलीतून हे ओरडले, "समोसे द्यायचे की नाही ते लिहिलंय का?"

"विकलेल्या पिल्लाची वर्षातून एकदा तरी चौकशी करायची."

"तीळगूळ द्यायचा का नाही?" मी विचारलं.

खरं सांगते, त्या दिवशी माझ्या पोळ्या जेवढ्या फुगल्या तेवढ्या कधी फुगल्या नव्हत्या. दिल्लीत बसून एवढ्या शिकलेल्या लोकांनी डोकं लावलं आणि शेवटी आले कुठे, तर माझ्या अंगणात!

पण पुढची ओळ वाचताना माधुरीचा आवाज उतरला. "आई, रजिस्टर ठेवायचंय. फॉर्ममध्ये एक खाना आहे, अभिलेख पूर्ण और सुपाठ्य हैं या नहीं. म्हणजे नोंदी पूर्ण पाहिजेत आणि वाचता येतील अशा पाहिजेत."

संध्याकाळी मुलगा विलास घरी आला. म्हणाला, "आई, साधं आहे. नोंदणी माधुरीच्या नावाने करू. ती लिहील रजिस्टर. तू कुठे त्या फॉर्मच्या भानगडीत पडतेस?"

वाईट हेतूने नाही बोलला. पण वीस-बावीस वर्षं माझ्या मांडीवर पिल्लं वाढली, आणि कागदावर नाव दुसऱ्याचं? मी म्हटलं, "तुझ्या बाबांनी क्रेन चालवली. पगार कधी खानभाईंच्या नावाने झाला का?"

विलास म्हणाला, "आणि नामंजूर झालं तर? एकदा नाही म्हणाले की गौरीचं वेत बंद. तुझी ही लाइन संपली."

मी म्हटलं, "संपली तर माझ्या नावाने संपेल."

फॉर्म माझ्याच नावाने गेला. सही करायची तेवढी मी शिकले आहे. शकुंतला वानखडे. लिहायला वेळ लागतो, पण रेघ सोडत नाही.

* * *

तपासणीची वाट बघत होतो तेव्हाचा शेजारच्या देशकर वहिनींचा किस्सा सांगते. वहिनी पर्शियन मांजरी पाळतात. मांजरांचे नियम नक्की कसे ते मला माहीत नाही, पण वहिनी शिकलेल्या बाई. म्हणाल्या, "कुत्र्यांची माहिती भिंतीवर लावायची तर माझ्या मांजरीने काय पाप केलंय?" आणि पेंटरकडून फळा करून घेतला. बैठकीत, सोफ्याच्या बरोबर वर!

पुढच्याच रविवारी त्यांच्या मुलीला, रश्मीला, बघायला इंदूरहून माणसं आली. मुलगा, आई, वडील. मीही होतेच, पोह्यांना मदत करायला.

मुलाच्या वडिलांनी चष्मा लावला आणि फळा मनात वाचायला लागले. फळ्यावर लिहिलं होतं, "मादी. वय तीन वर्षे. वर्ण गोरा, डोळे घारे. सर्व लसी झालेल्या आहेत." पण वयाची ओळ फुलदाणीमागे आणि पहिला शब्द फळ्यावर सोडलेल्या तोरणाच्या झुरमुळ्यांत! तेवढ्यात रश्मी पोह्यांचा ट्रे घेऊन आली. गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची.

त्या गृहस्थांनी एकदा फळा बघितला, एकदा मुलगी बघितली. मग हळूच विचारलं, "लसी… सगळ्या झाल्यात म्हणता?"

वहिनी खूश! "हो हो, परवाच शेवटची झाली! जरा नखं मारते, पण नवीन घरात रमली की छान राहते. फक्त दिवसातून दोनदा विंचरावं लागतं."

मुलाच्या आईच्या हातातला चमचा पोह्यांतच राहिला. इतक्यात मांजर येऊन त्या गृहस्थांच्या मांडीवर बसली. एवढा सुटकेचा श्वास मी आजवर कोणाचा ऐकला नाही!

लग्न ठरलं, थाटात झालं. मांजरीचं एक पिल्लूही इंदूरला जायचं ठरलं. मुलगी आधी सासरी गेली, पिल्लू नंतर. त्याचे आठ बाजार व्हायचे होते ना.

* * *

आणि मग तपासणी आली. गाडीतून एक मॅडम उतरल्या आणि त्यांच्यामागे फायलींचा गठ्ठा घेतलेले एक बाबूजी. मॅडम जनावरांच्या डॉक्टर, वयाने माझ्या माधुरीएवढ्या. आजोळ अमरावतीचं, जन्म भोपाळचा. मराठी सगळी समजते, बोलताना हिंदी होते.

आमचे हे? बाथरूममध्ये! कडीचा आवाज मी ओळखला.

मॅडमनी सगळं पाहिलं. गौरीची जागा, पाण्याचं भांडं, सावली, औषधांचा डबा. गौरीचे दात पाहिले, पोट दाबून पाहिलं. खूश दिसल्या. मग बाबूजी म्हणाले, "अम्माजी, रजिस्टर."

माधुरीने एक नवी वही पुढे केली. सुवाच्य अक्षर, लाल-निळ्या शाईने आखलेली. पण ती फक्त गौरीच्या शेवटच्या वेताची. मी म्हटलं, "हे माधुरीचं आहे. माझं हे." आणि कारखान्याचं जुनं रजिस्टर टेबलावर ठेवलं.

बाबूजींनी पान उघडलं. दुसरं उघडलं. तिसरं उघडलं. "अम्माजी, इसमें तो कुछ लिखा ही नहीं है. ये तो ऊन है!"

विलासने डोक्याला हात लावला. मी म्हटलं, "बाबूजी, किसी भी धागे पर उँगली रखिए."

त्यांनी एका निळ्यावर बोट ठेवलं, जरा हसतच. मी म्हटलं, "बिजलीचं तिसरं वेत. नर. आठ बाजार. दोन सुया आमच्या घरी. खानभाईंच्या मेहुण्याकडे गेला, नाव बादशाह. अकराव्या वर्षी मूत्रपिंडाने गेला. पांढरा दोरा बघा."

दुसरं बोट. "राणीचं दुसरं वेत. मादी. ही शेवंता. नेहरू नगरहून परत आणली, म्हणून धागा दुमडलाय. मग डॉक्टरांच्या आईकडे दिली."

"कौन-से डॉक्टर?"

"सरकारी दवाखान्यातले. लावा ना फोन."

बाबूजींनी खरंच लावला! पलीकडून डॉक्टरांचा आवाज आला, "शेवंता? हाँ, अम्मा के पलंग पर सोती थी. क्यों, क्या हुआ?"

मग मॅडम स्वतःच बोट ठेवायला लागल्या. हिरवा, केशरी, राखाडी, मंडीदीपचे तिघं. बाबूजी हसायचे थांबले आणि लिहायला लागले. चहा गार झाला. शेवटी मॅडमनी रजिस्टर मिटलं. "बहुत हो गया, अम्मा. मुझे और कुछ नहीं देखना."

माधुरीने मागून माझा हात दाबला. झालं, मिळालं, असं.

मी म्हटलं, "थांबा मॅडम. एक राहिला."

मी रजिस्टर उघडलं. बिजलीच्या दुसऱ्या वेताचं पान. लाल धागा, आडवा.

"मोजा गाठी."

मॅडमनी नखाने मोजल्या. "सात."

"हो. सातच." मग मी सांगितलं. समोरच्या क्वार्टरमधल्या कुटुंबाची दक्षिणेत बदली झाली होती. सामान ट्रकमध्ये गेलं होतं, ऑटो दारात उभा होता. त्यांची मिनू, सात-आठ वर्षांची, माझ्या पायरीवर बसून उठायला तयार नाही. लाल धाग्याचं पिल्लू तिने पहिल्या दिवसापासून आपलं मानलं होतं. एका बाजाराने काय होतं, असं मला वाटलं. मे महिना होता, दोन दिवसांचा रेल्वेचा प्रवास. मी पिल्लू तिच्या ओंजळीत दिलं. पंधरा दिवसांनी पत्र आलं. यांनी मला वाचून दाखवलं आणि मधली एक ओळ गाळली. मी काही विचारलं नाही. उठले आणि लाल धाग्याला पांढरा दोरा बांधला.

 बाथरूमची कडी उघडली आणि हे दारात येऊन उभे राहिले.

विलास हळूच म्हणाला, "आई, हे आत्ता सांगायची काय गरज होती?"

मॅडम त्या लाल धाग्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "सच में, अम्मा. नहीं बतातीं तो हमें कभी पता नहीं चलता. आपके सिवा इसे पढ़ कौन सकता है?"

मी म्हटलं, "मला येतं ना वाचता."

 मॅडमनी रजिस्टर दोन्ही हातांनी उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. बाबूजींचं पेन एका खान्याशी अडलं होतं.

"मैडम, ये अभिलेख वाला… सुपाठ्य में क्या लिखूँ?"

"'हाँ' लिखिए," मॅडम म्हणाल्या.